मेढीखालचा पाइप

आमच्या घरात वीज जमिनीखालून येते. खालापूर तालुक्यातल्या आमच्या डोंगराकडेच्या गावात हे थोडं शिष्टपणाचंच मानतात. बाकीच्यांच्या वायरी खांबावरून निघून कौलांवर, पत्र्यांवर, आंब्याच्या फांद्यांवर टेकत टेकत घरात शिरतात. आमची मात्र खांबापाशीच खाली उतरते, माझ्या धाकट्या दिराच्या अंगणाखालून मुकाट्याने येते आणि आमच्या ओटीच्या भिंतीवर मीटरपाशी डोकं वर काढते.

हा उद्योग आमच्या ह्यांचा. वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडची जागा धाकट्या भावाला गेली, मागची आम्हाला. दोघांनी घरं बांधली ती जवळजवळ, मध्ये एक अंगण. वीज घ्यायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, भावाच्या कौलांवरून माझी वायर जायची नाही. उद्या वाऱ्याने तुटून पडली तर वीज राहील बाजूला आणि भाऊबंदकी सुरू होईल. मग दोघा भावांनी मिळून अंगणातून चर खणला. हे खोपोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी पाइप आणला तो असला जाडजूड, तीन इंची, की गावातली माणसं मुद्दाम बघायला आली. "वायर घालतोस का म्हस?" असं एकाने विचारलंसुद्धा. ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं. पाइप एकदाच पुरायचा असतो, वायर आज ना उद्या बदलावीच लागते. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी पाहुणे आले की मीच ते म्हणून टाकायची.

कारखान्याने ह्यांना पगार दिला, आणि छातीत धूळही भरून दिली. गेली काही वर्षं ह्यांना स्वतःच्या दमावर श्वास पुरत नाही. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे, चाकांवरचं, लहान कपाटाएवढं. ते खोलीतली हवा ओढतं, त्यातला प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीने नाकात सोडतं. दिवसरात्र त्याची घुर्र घुर्र चालू असते. वीज गेली की ते कर्कश टीं टीं करायला लागतं आणि मी धावत जाऊन कोपऱ्यातला सिलिंडर उघडते. सिलिंडर तेवढ्यापुरता. वीज जाते-येते त्याची आम्हाला सवय आहे. गेली आणि आलीच नाही, तर मात्र ह्यांना उचलून दवाखान्यात न्यायचं, दुसरा मार्ग नाही.

आता माझ्या धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. आमचा अबोला होता. कारण विचाराल तर पाटा. सासूबाईंचा दगडी पाटा वाटणीत कुणाच्याच वाट्याला आला नाही, तो जावेच्या अंगणात पडून राहिला. एकदा मी म्हटलं, मला पाटा लागेल. ती म्हणाली, "न्या की." शब्द दोनच, पण सूर! तो सूर ज्यांनी ऐकला नाही त्यांना मी वेडी वाटेन, वाटू दे. मी पाटा नेला नाही आणि तिच्याशी बोलणं सोडलं. तिनेही सोडलं. असे दोन उन्हाळे गेले.

अबोला आम्हा दोघींपुरताच, बरं का. भाऊ भावाशी बोलत होते. पुतणी तर आमच्याच घरात जेवायची. जावेला काही सांगायचं झालं तर मी आमच्या मांजरीला सांगे, "मने, कुणाचा तरी नळ चालू राहिलाय गं." तीही तिच्या बाजूने कोंबडीला सांगे, "कुणाची तरी साडी वाऱ्यानं खाली पडलीय." मांजर आणि कोंबडी दोघी शहाण्या, निरोप बरोबर पोचायचे. मी उभा जन्म बालवाडीत पोरांना भांडू नका म्हणून शिकवलं, पण ती पोरांची भांडणं होती. आपली वेगळी.

आम्हाला मूलबाळ नाही. पुतणी जन्मली ती ह्यांच्या खांद्यावरच वाढली. कारखान्यातून आले की आधी तिला उचलायचे, मग हातपाय धुवायचे. तिचं लग्न ठरलं आणि शिळफाट्याचा हॉल घेतल्याची बातमी आली. ह्यांना तिथवर नेणं होण्यासारखं नव्हतं. मशीन न्या, सिलिंडर न्या, उन्हातून गाडी, माणसांची गर्दी. डॉक्टरांनी नाही म्हणूनच सांगितलं होतं. हे एकदा फक्त म्हणाले, "अक्षता पडताना एकदा बघाया पायजे व्हती पोरीला." मी पदराने खाटेवरची धूळ झटकली, धूळ नसताना.

मग अचानक कळलं की हॉल रद्द, लग्न दारातच, मांडव घालून. घेतलेला हॉल हातचा गेला असेल, असं मी धरून चालले. मला आनंद झाला, तो मी मांजरीलाही दाखवला नाही. पण मांडव घालायला माणसं आली आणि त्यांनी वासे असे काही आडवे टाकले की माझं डोकंच फिरलं. मांडवाचं तोंड रस्त्याकडे असतं. हा मांडव रस्त्याला पाठ देऊन आमच्या खिडकीकडे तोंड करून उभा राहत होता. बोहल्याची जागा माझ्या खिडकीसमोर! म्हणजे जेवणावळीचा धूर, स्पीकर आणि पाहुण्यांच्या चपला सगळं माझ्या दारात. "मने," मी मोठ्याने म्हटलं, "काही माणसांना रस्ता असताना दुसऱ्याचीच वाट अडवायची हौस असते." पलीकडे जावेने कोंबडीलाच हुसकून लावलं.

आमच्यात लग्नाआधी मांडवाची पहिली मेढ रोवतात. उंबराची फांदी बांधलेला खांब, त्याची पूजा होते, पाच सवाष्णी हळदकुंकू लावतात. एकदा रोवली की लग्न लागून मांडव उतरेपर्यंत ती हलवायची नाही. मेढ हलली तर लग्नाला अपशकुन, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मेढीचा खड्डा खणायचा मान नवरीच्या मामाचा. मला त्या सकाळी बोलावणं आलं, पण ते पुतणीच्या तोंडून. जावेने स्वतः बोलावलं नाही म्हणून मी गेले नाही, आत पेज ढवळत बसले. गेले असते तर पाइप तिथूनच जातो हे सांगितलं असतं. मांजरीला का होईना.

पाइपाची वाट नेमकी माहीत असलेली आणखी दोन माणसं. एक खाटेवर, दुसरे माझे दीर, आणि दीर उंबराची फांदी आणायला ओढ्यावर गेलेले. मामा आले परगावचे, अंगाने भरलेले. त्यांनी पहार घातली, ती हातभर खाली जाऊन ठक्कन थांबली. बायका हसायला लागल्या. "काय मामा, भाचीची मेढ मधीच ऱ्हातीय का?" झालं. मामा मागे हटला तर त्याचं हसं जन्मभर होतं. "दगड हाय, फोडतो," म्हणत त्यांनी चार घाव घातले आणि दगड फुटला. दगड म्हणजे आमचा पाइप. तेवढ्यात दीर फांदी घेऊन आले, मुहूर्त टळत होता, खड्ड्यात कुणी वाकून बघितलं नाही. मेढीचं टोकदार बूड आत घातलं आणि वरून मोगरीचे ठोके दिले. खालची आमची वायर जुनी, तिचं कातडं कडक झालेलं. ती चेचली गेली आणि खांबावरचा फ्यूज उडाला. हे सगळं मागाहून कळलं. त्या वेळी मला फक्त टीं टीं ऐकू आलं.

मी पेज तशीच टाकून धावले. सिलिंडरची चावी फिरवायला मला नेहमी जोर लागतो, त्या दिवशी हात घामाने सटकत होते. ह्यांचे ओठ बघायचे नाहीत असं ठरवूनही मी बघत होते. आणि चावी फिरायच्या आत दारात जाऊ उभी. अंगावर कोरं लुगडं, हाताला हळद, आणि त्याच हातात वायरीचं भेंडोळं आणि बोर्ड. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या घरातून ओढत आणलेल्या वायरीला ढील दिली, मशीनची पिन काढून त्या बोर्डात घातली. टीं टीं थांबलं, घुर्र सुरू झालं. ह्यांच्या छातीचा भाता हळूहळू खाली आला. जाऊ आली तशी निघून गेली, पूजेचं ताट कुणाच्या तरी हातात ठेवून आली होती म्हणे. बाहेरच्या सगळ्यांना कुणाचा तरी मोबाइल वाजतोय असं वाटलं होतं. मांडवातला पंखा तर फिरतच होता. मग हिला कसं कळलं, हा प्रश्न माझ्या मनात राहून गेला.

आभार मानायला हवे होते. मी मांजरीला शोधत होते. ती खाटेखाली दडून बसली होती.

सबस्टेशनमधून लाइनमन आला, त्याने फ्यूज बदलला, तो पुन्हा उडाला. "केबलच गेली, काकी. खांबावरनं सोडवून ठेवतो, नवी ओढून घ्या, मग जोडतो." गावातल्या वायरमनला बोलावलं. हा मोठ्या आवाजाचा, काम कमी असेल तर गप्पांनी भरून काढणारा माणूस. त्याने मीटरपासून खांबापर्यंत चालत अंदाज घेतला आणि मेढीपाशी येऊन कमरेवर हात ठेवले. "सापडली बघा. तुमच्या नवरीची मेढ हिच्या उरावर बसलीय."

सगळे जमले. जावेच्या घरातून ओढलेल्या वायरीवर किती काळ भागायचं? मांडवातले दिवे, पाण्याची मोटर, आचाऱ्याचा मिक्सर, सगळं चालू झालं की त्यांचा स्विच पडायचा आणि इकडे टीं टीं. उद्या हळद, परवा लग्न, घरात पाहुणे मावेनासे. वायरमन म्हणाला, मांडवाच्या कापडावरून वायर नेणं म्हणजे आगीला बोलावणं, तेव्हा दोनच रस्ते. मेढ काढून खणा, नाहीतर पेशंटला लग्न होईस्तोवर दवाखान्यात ठेवा.

"मेढ काढतो," दीर म्हणाले.

म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मामा मान खाली घालून उभे. जावेने मेढीवर हात ठेवला. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "काढा. दादांपरीस मेढ मोठी नाय."

तिच्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नाची मेढ. बोलताना तिचा आवाज हलला नाही, पण हात मेढीवर होता तो तिने काढला नाही. माझा राग नाकावर असतो हे जगाला माहीत आहे, तसं रडूही तिथेच कुठेतरी असतं. मी ओरडलेच.

"मेढीला कुणी हात लावायचा नाय! ह्यांना मी नेते दवाखान्यात."

"काका नसतील तर मी बोहल्यावर उभी ऱ्हाणार नाय," पुतणी म्हणाली आणि तिथेच मातीत बसली.

अशी सगळी अडून बसलेली असताना खिडकीतून ह्यांचा आवाज आला. ह्यांना एका श्वासात दोन-तीन शब्दच बोलता येतात. "तीन इंची... हाय तो." सगळे वळले. "मेढ अडवंल... निम्मा. बाकीचा... मोकळा हाय."

वायरमन हसायला लागला. "काकांनी म्हस घालायला पाइप ठेवलाय म्हणायचे लोक! बघू, म्हशीला नाय तर केबलला तरी वाट मिळंल." तो म्हणाला, उद्या उजाडताच शिळफाट्यावरून केबल आणतो, मेढ न हलवता ओढून बघू. नाही जमलं तर मात्र गाडी बोलवायची.

ती रात्र जावेच्या घराने आणि भरल्या पाहुण्यांनी बिनपंख्याची काढली. वैशाखातली रात्र, डोंगराकडून वाऱ्याची झुळूक नाही. मोटर बंद म्हणून बायकांनी विहिरीवरून पाणी भरलं. कुणी कुरकुरलं असेल तर आमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. त्या पाहुण्यांतल्या निम्म्या लोकांना मी ओळखतसुद्धा नव्हते. आजही त्यांतलं कुणी बाजारात भेटलं की मी थांबून विचारपूस करते, आणि त्यांना कळत नाही ही बाई एवढी गोड का बोलतेय.

सकाळी काम सुरू झालं. आधी जुनी वायर काढायची. खांबाकडून दिरांनी ओढली, आमच्या बाजूने वायरमनने. दोन तुकडे बाहेर आले, दोन्हींची टोकं काळी. आता पाइप रिकामा, पण नवी केबल आत ओढायला आधी एक दोरी आरपार जायला हवी. वायरमनने लवचीक पोलादी पट्टी आत सारली. ती गेली, गेली आणि मेढीपाशी अडली. पुन्हा सारली, पुन्हा अडली. टोक मेढीच्या लाकडात जाऊन रुतत होतं. तासाभराने तो घामाघूम होऊन बसला आणि वैतागून म्हणाला, "मांडव सरळ रस्त्याकडं तोंड करून घातला असता तर मेढ तिकडं पडली असती. असा आडवा कुणी सांगितला घालाया?"

माझ्या मनातलंच बोलला. मी मान डोलावणार तेवढ्यात पुतणी म्हणाली, "मी सांगितला. काकांच्या खिडकीतून बोहला दिसायला पायजे म्हणून. हॉलपण त्याच्यासाठीच सोडला. आई म्हणाली, दादा बघणार नसतील तर कशाला करायचं लग्न?"

मी आत गेले. ह्यांच्या उशाशी बसून, डोकं उशीला टेकवून त्यांच्या नजरेने खिडकीबाहेर बघितलं. बोहल्याची जागा चौकटीत बरोबर मधोमध. एवढंसंही इकडे तिकडे नाही. कुणीतरी इथे बसून, बघून, माप घेऊन गेलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हतं की," हे म्हणाले. "तुला सांगितलं असतं... तर तू... नको म्हणाली असतीस. भांडून."

खरं होतं. डोळे पुसून बाहेर आले आणि वायरमनवर खेकसले, "बसलायस काय रं? दुसरं काय करता येईल ते बघ."

"हवा मारायला कायतरी पायजे, काकी. हलकी चिंधी दोऱ्याला बांधून फुंकून दिली तर ती मेढीच्या बाजूनं निघून जाईल. पट्टीसारखी रुतायची नाय."

आचारी भट्टीपाशी कांदा चिरत हे ऐकत होता. तो उठला, भट्टीला हवा मारायचा ब्लोअर उचलून घेऊन आला. "ह्यानं जमंल का बघा. जेवणाला उशीर झाला तर मला बोलायचं नाय मात्र." हारवाल्याने दोऱ्याचं रीळ दिलं. हलकी चिंधी म्हणून पुतणीने शालूची प्लॅस्टिकची पिशवी फाडून दिली. पाइप फुटला होता तिथून हवा निसटणार, म्हणून जावेने ओल्या मातीचा गोळा करून मेढीच्या बुडाभोवती थापला, चुलीला पोतेरं करावं तितक्या निगुतीने.

खांबाच्या टोकाला ब्लोअर लावला. मी मीटरखाली पाइपाच्या तोंडाशी हात धरून बसले. आधी नुसती धूळ आली, मग मुंग्यांची माती, मग एक झुरळ. आणि मग फस्सकन ती पिशवीची चिंधी माझ्या तळहातावर येऊन आपटली, मागे पांढरा दोरा. मी अशी ओरडले की आतून हे "काय झालं" म्हणून दोनदा म्हणाले.

दोऱ्याला सुतळी, सुतळीला विहिरीचा नायलॉनचा दोर, दोराला नवी केबल. केबलचं तोंड टेपने गुंडाळून निमुळतं केलं. आचाऱ्याने तेलाचा डबा पुढे केला, तर वायरमन म्हणाला, तेलानं केबलचं कातडं बिघडतं, साबण आणा. भांड्यांच्या साबणाचा बादलीभर फेस झाला, तो पाइपात ओतला आणि केबललाही चोपडला. दिरांनी आणि वायरमनने खांबापाशी केबल आत सारायची, आम्ही बायकांनी आमच्या ओटीवरून दोर ओढायचा. पण खांबाकडचं बोलणं ओटीवर ऐकू येईना, मांडवात माणसंच एवढी. आणि सारणं व ओढणं एका वेळी व्हायला हवं, नाहीतर केबल आत मुडपते. मध्ये कुणीतरी उभं राहून सांगायला हवं होतं.

मध्ये जाऊ उभी होती. केबल जाताना मेढ हलू नये म्हणून तिने मेढीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तिथून तिला दीरही दिसत होते आणि मीही. तिने एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. कोंबडी कुठे आसपास नव्हती.

"ओढ!" ती म्हणाली.

मी ओढला.

"थांब! थांब गं! तिकडं मुडपलीय."

"थांबले! सांग कधी ते."

"आता! हळू. हळू ओढ. हिथनं जातीय, मला पायाखाली कळतंय."

उंबराची पानं थरथरली. सगळा मांडव श्वास धरून मेढीकडे बघत होता. दोर माझ्या हातात दगडासारखा झाला, येईना. मला वाटलं, संपलं, आता गाडी बोलवा. मामा धावत आले, त्यांनी माझ्या मागून दोर धरला आणि म्हणाले, "मीच घातलंय हे, मीच काढतो."

"जोर नका करू, मामा, जोरानंच झालंय हे," मी म्हटलं. "ए, काय म्हणतेय तिकडं?"

"जरा सोड मागं," जाऊ ओरडली. "आता फेस टाकलाय. ओढ. ओढ! गेली गं, गेली पुढं! मेढ नाय हलली! मेढ हाय तशी हाय!"

साबणाच्या फेसात माखलेलं काळं तोंड मीटरखाली बाहेर आलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. मी त्या केबलवरून हात फिरवला. लाइनमनने येऊन खांबावर जोडणी केली, वायरमनने टेस्टर लावून, तपासून मीटरला जोडली, आणि ह्यांच्या मशीनची पिन आपल्या घरच्या बोर्डात परत गेली. जाऊ तिची वायर गुंडाळायला आत आली, तेव्हा मी तिचा हात धरला. खूप काही बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवलीस का काल काही?" ती म्हणाली, "कुठलं." मग आम्ही दोघींनी सकाळची गार झालेली पेज एका वाडग्यातून खाल्ली.

संध्याकाळी हळदीला जावेने तो पाटा धुऊन मांडवात मांडला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पहिली हळद थोरल्या काकीनं वाटायची." मी वाटली. सासूबाई असत्या तर दोघींना दोन शिव्या घालून हसल्या असत्या.

लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा पुतणीने आधी नवऱ्याकडे बघायचं असतं, तिने खिडकीकडे बघितलं. हे उशीला टेकून बसले होते, नवा सदरा, नाकात नळी, मुठीत अक्षता. हात उचलून त्यांनी त्या फेकल्या. दम तेवढा नव्हता, अक्षता गजांपर्यंत जाऊन खिडकीतच पडल्या. पण "शुभ मंगल" म्हटलं की प्रत्येक वेळी त्यांनी हात उचलला होता. मी मागून त्यांची पाठ धरून होते, पाठीतून मशीनची आणि त्यांची, दोघांचीही घुर्र लागत होती. देवाने आणि माणसांनी मला दिलेल्या दिवसांतला तो सगळ्यात मोठा दिवस. खिडकीतल्या त्या अक्षता मी पुढे कितीतरी दिवस झाडल्या नाहीत.

मांडव उतरल्यावर मेढ काढली. वायरमनने फुटलेल्या जागी पाइपाला जोड घातला, आणि केबलबरोबर एक दोरही आत ठेवून दिला, पुढच्या वेळी ब्लोअर शोधायला नको. खड्डा बुजवला. पुन्हा कुणाच्या मामाने तिथे पहार घालू नये म्हणून काहीतरी खूण हवी होती. जाऊ म्हणाली, पाटा ठेवू या. आता तो दोन घरांच्या मध्ये त्या जागेवर आहे. चटणी वाटायची असली की दोघी तिथेच जातो.

एकदा अशाच वाटत बसलो असताना मी तिला विचारलं, "त्या दिवशी सगळ्यांना मोबाइल वाटला. तुला कसं गं कळलं?"

ती वरवंटा थांबवून म्हणाली, "मला नाय कळणार तर कुणाला? मशीन आलं तवापासून सकाळी उठले की आधी आयकते मी. घुर्र आयकू आली की मंग चहाचं आधण ठेवते. तुजी खिडकी बंद असली की नाय आयकू येत. मंग ओटीवर येऊन उभी ऱ्हाते जरा."

अबोल्याची ती दोन्ही वर्षं. मी खिडकी मुद्दाम बंद ठेवायची, तिच्या कोंबड्यांचा आवाज नको म्हणून.

आता मी सकाळी उठले की बाकी काही करायच्या आधी ती खिडकी उघडते. पलीकडे तिच्या ओट्यावर भांड्याचा आवाज होतो, आधण चढतं, आणि मग मी माझ्या कामाला लागते.